बारावीनंतर रेसच्या तबेल्यात? आधी तिथला दिवस समजून घ्या

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलाची बारावी झाली, एक वर्ष थांबून पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यात काम करायचं म्हणतो, पुढे रायडर व्हायचं मनात आहे. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर चार-पाच वेळा घोड्यावर बसलाय आणि पडला नाही, एवढा अनुभव. तिथला दिवस कसा असतो, धोका किती आणि जुगाराच्या वातावरणात पोरगं बिघडेल का, हे तुम्ही विचारलंय.

मी या कामात बावीस वर्षं आहे. सुरुवात सईसाच्या, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या माणसाच्या, हाताखाली बादल्या भरण्यापासून केली, आता असिस्टंट ट्रेनर आहे. म्हणून वेळापत्रक सांगतोच. पण घोडं पेंड खातं ते वेगळ्या ठिकाणी. तुमच्या मुलाने आतापर्यंत घोडा पाहिलाय तो पाठीवरून. तबेल्यातला घोडा दिवसाकाठी तास-दीड तास बाहेर असतो, त्यातही पाठीवर माणूस जेमतेम अर्धा-पाऊण तास. उरलेले साडेबावीस-तेवीस तास तो बारा बाय बाराच्या खोलीत उभा असतो. आमचं काम मुख्यतः या तेवीस तासांचं आहे. ते त्याला झेपेल का आणि आवडेल का, एवढाच खरा प्रश्न आहे.

पहाटे चारला सईस येतो. दिवा लावायच्याही आधी त्याचा हात गव्हाणीत जातो. रात्रीचा दाणा उरलाय का, उरला असेल तर किती, आणि कुठे. तळाशी सारखा पसरलेला असेल तर घोडा खाता खाता कंटाळला, एका कोपऱ्यात ढकललेला असेल तर दाण्यात त्याला काहीतरी खटकलं, असं आमचे जुने जमादार, म्हणजे सईसांचे मुकादम, सांगायचे. मग लीद बघायची: नेहमीएवढी पडली का, गोळे नीट बांधलेत का. मग थर्मामीटर. निरोगी घोड्याचा ताप साधारण ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असतो, पण या आकड्यापेक्षा त्या घोड्याचा रोजचा आकडा महत्त्वाचा. रोज १०० असणारा एके दिवशी १०१.४ निघाला तर पुस्तकाच्या हिशेबाने तो ठीक आहे, माझ्या हिशेबाने नाही.

त्यानंतर पाय. गुडघ्याच्या खाली घोड्याच्या पायात मांस जवळजवळ नसतंच. हाड, नसा आणि कातडी. अर्धा टन वजन धावताना या पेन्सिलीएवढ्या पायांवर येतं. मागच्या नसेला, म्हणजे टेंडनला इजा झाली तर तिथे रक्तपुरवठा कमी असल्यामुळे भरून यायला महिनोन्‌महिने जातात, कधी वर्ष जातं, आणि कधी घोडा परत धावतच नाही. म्हणून रोज पहाटे खाली बसून हाताची पालथी बाजू पायावरून वरून खाली न्यायची. आधी डावा, मग उजवा, मग परत डावा. एका पायाला ऊब थोडी जास्त लागली तर त्या दिवशी त्याला फक्त चालवायचं. ही ऊब ओळखायला मला दोन वर्षं लागली. तोपर्यंत मला सगळे पाय सारखेच लागायचे आणि मी मान डोलवायचो.

साडेपाच-सहाच्या सुमाराला पहिली तुकडी ट्रॅकवर निघते, आम्ही तिला ‘लॉट’ म्हणतो. जुलैतली पहाट असेल तर बारीक पाऊस, एम्प्रेस गार्डनच्या बाजूने येणारा ओल्या पाल्याचा वास, आणि परतणाऱ्या घोड्यांच्या अंगातून निघणारी वाफ. हे दृश्य बघून माणसं प्रेमात पडतात, मीही पडलो. पण रोज कोणी भरधाव धावत नाही. आठवड्यातून साधारण दोनदा जोराचा सराव, बाकीचे दिवस चालणं, दुडकी, सावकाश कँटर म्हणजे हलकी दौड. हे ट्रेनरवर आणि घोड्यावर अवलंबून आहे. काही घोड्यांना जास्त काम लागतं, काही थोड्याशा कामानेच आतून पेटतात.

पेपरात सरावाच्या बातमीत ‘६००/४०’ असं काहीतरी छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. त्याचा अर्थ घोड्याने शेवटचे ६०० मीटर ४० सेकंदांत काढले. हिशेब करा, ताशी ५४ किलोमीटर झाले, आणि हा अजून सराव आहे. बघे स्टॉपवॉच बघतात. मी घोडा परत येताना त्याचा श्वास ऐकतो. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, जे काय ते नाकाने, आणि भरधाव असताना प्रत्येक झेपेला एक श्वास. घरघर आली, किंवा नेहमी पाच मिनिटांत शांत होणारा घोडा दहा मिनिटं नाकपुड्या फुगवत राहिला, तर ते ४० सेकंद कितीही छान असले तरी माझ्या वहीत तो सराव वाईट म्हणूनच लिहिला जातो.

परत आल्यावर सईस त्याला हातात धरून अर्धा तास चालवतो. छातीवर, पुढच्या दोन पायांच्या मधे हात ठेवून बघायचं. गरम असेल तर अजून एक फेरी. मग धुणं, पाणी निथळून काढणं, खूर उकरून साफ करणं, सुका चारा. नऊ-साडेनऊपर्यंत शेवटचा लॉट आत आलेला असतो आणि तोपर्यंत माणसांचा चहा तीनदा झालेला असतो.

आता खाण्याविषयी जरा सविस्तर, कारण नवीन पोरं चुका इथेच करतात. घोडा ४५० ते ५०० किलोचा, पण त्याचं पोट, म्हणजे जठर, १० ते १५ लिटरच्या आसपास. शिवाय त्याला उलटी करता येत नाही. आत गेलेलं चुकीचं काहीही पुढेच जाणार. म्हणून दिवसातून चार वेळा थोडं थोडं: ओट्स, गव्हाचा कोंडा, लसूणघास, वाळलेलं गवत, चिमूटभर मीठ. जोराच्या सरावातला घोडा दिवसाला चार-पाच किलो ओट्स सहज खातो आणि ३०-४० लिटर पाणी पितो. हे माप त्या दिवशीच्या कामाशी बांधलेलं असतं.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. माझ्याकडे एक सुरंग, म्हणजे तांबूस रंगाचा, घोडा होता, स्वभावाने गरीब. रविवारी त्याची रेस झाली. सोमवारी सुट्टी, म्हणजे फक्त चालणं. सुट्टीच्या दिवशी ओट्स निम्मे करून कोंडा वाढवायचा, हे मला सांगितलेलं होतं. पण रेस जिंकून आलेल्या घोड्याला निम्मं जेवण? मला ते पटेना. मी गुपचूप पूर्ण माप टाकलं, वर एक ओंजळ प्रेमाची. मंगळवारी सकाळी ट्रॅकवर दोनशे मीटर दुडकी केली आणि तो उभा राहिला. मागचे पाय काठीसारखे ताठ, अंगावर घामाचे लोट, पुठ्ठ्यावर हात ठेवला तर लाकूड. नंतर लघवी झाली ती कॉफीच्या रंगाची. विश्रांतीच्या दिवशी पूर्ण दाणा खाऊन दुसऱ्या दिवशी कामाला लागलेल्या घोड्याचे स्नायू असे जखडतात, हे तेव्हा मला कळलं. त्याला तिथल्या तिथे थांबवणं, डॉक्टर येईपर्यंत एक पाऊलही न चालवणं, हे जमादारांना माहीत होतं म्हणून निभावलं. मला ते काहीही बोलले नाहीत. त्या दिवसापासून महिनाभर माझ्या घोड्यांचा दाणा त्यांनी स्वतः मोजला, आणि मी शेजारी उभा राहून बघायचो. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटायचं.

अकरा ते तीन तबेला झोपतो. घोडा उभ्या उभ्या डुलक्या घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवं पडावं लागतं, आणि भोवताली शांतता असल्याशिवाय तो आडवा पडत नाही. म्हणून या वेळात मोबाईलवर गाणी नाहीत, बादल्यांची आदळआपट नाही. माणसंही भात-आमटी खाऊन तिथेच कलंडतात. तुमच्या मुलाला सर्वांत जड हाच भाग जाईल, लिहून ठेवा. चार तास काहीच घडत नाही आणि तरी सोडून जाता येत नाही.

तीननंतर परत सुरू. घोडे बाहेर काढून चालवायचे, खोली साफ करून बिछाना नवा करायचा, आणि खरारा. खरारा म्हणजे नुसती धूळ झाडणं असं वाटतं, पण अर्धा तास अंगभर हात फिरतो तेव्हा कालपर्यंत नसलेली गाठ, चावा, दुखरी जागा लागते. संध्याकाळी ट्रेनर फेरीला येतो. प्रत्येक घोड्याचे पायाचे पट्टे सोडून सईस त्याला ताठ उभा करतो, ट्रेनर वाकून चारही पाय चाचपतो आणि एकच प्रश्न विचारतो, “खाल्लं का?” एका सईसाकडे साधारण दोन घोडे, फार तर तीन. त्याने उत्तर अडखळत दिलं तर त्याची संध्याकाळ गेली.

“खाल्लं का?” या प्रश्नाची किंमत सांगतो. एक फिली, म्हणजे तरुण घोडी, होती, रेसचं नाव भारदस्त इंग्रजी, तबेल्यात तिला सगळे चिमणी म्हणायचे. गव्हाण चाटून पुसून ठेवणारी. एका शनिवारी पहाटे तिच्या सईसाने ट्रेनरला सांगितलं की मूठभर दाणा राहिलाय. फक्त मूठभर. ताप १०१.३, पाय थंड, खोकला नाही. रविवारी ती धावणार होती आणि जिंकेल असं सगळे धरून होते. मीही म्हणालो, मूठभर दाण्याने काय होतंय. ट्रेनरने तिला रेसमधून काढलं. मालक फोनवर काय बोलले ते इथे लिहीत नाही. सोमवारी तिचा ताप १०३ होता, आणि आठवड्याभरात त्या रांगेतले पाच घोडे खोकत होते. ती धावली असती तर फुप्फुसाला काय झालं असतं कोण जाणे. तो सईस शाळेची पायरी चढलेला नाही, पण माझ्या पाहण्यात त्याच्याइतकं बारीक लक्ष असलेले डॉक्टरही थोडेच.

पुण्याचं म्हणून एक वेगळेपण आहे. इथला हंगाम पावसाळ्यातला, साधारण जुलैपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत. मग बहुतेक घोडे मुंबईला महालक्ष्मीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. ब्रिटिश काळात मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यात मुक्कामाला यायचे, त्यांच्या मागोमाग शर्यतींचा शौकही यायचा. रेसकोर्स १८३० सालचं, लष्कराच्या जमिनीवरचं. पण घोड्याच्या दृष्टीने पावसाळा म्हणजे कटकट. सतत ओल लागली की खुराच्या तळव्याला कीड लागते. वास इतका घाण की एकदा घेतला की जन्मभर ओळखाल. गवताला बुरशी धरते, आणि बुरशीचं गवत म्हणजे पोटशूळ नाहीतर खोकला. म्हणून आमच्याकडे गवताची प्रत्येक गासडी उघडल्यावर आधी माणूस नाक खुपसतो, मग घोडा. मुंबईत वेगळीच तऱ्हा: तिथल्या दमट उकाड्यात काही घोड्यांना घाम येणंच बंद होतं. धावून आला तरी अंग कोरडं, नुसता धापा टाकतोय. अशाला पंखा, बर्फाचं पाणी, आणि नाहीच जमलं तर परत पुणे. मुलाला दोन्ही गावी राहायची तयारी ठेवावी लागेल, हे आत्ताच विचारून घ्या.

रायडर होण्याबद्दल. हे बरंचसं त्याच्या हाडापेरावर आहे. हँडिकॅप रेसमध्ये, म्हणजे घोड्याच्या कुवतीप्रमाणे पाठीवरचं वजन ठरवतात त्या रेसमध्ये, खालचं वजन ५० किलोच्या आसपास असतं आणि त्यात खोगीरही धरलेलं असतं. मुलगा आत्ताच पावणेसहा फूट असेल तर जॉकी होण्याचं स्वप्न त्याला प्रेमाने पण स्पष्ट सांगून सोडवा, नाहीतर पोरं उपाशी राहून तब्येत घालवतात. सकाळच्या सरावाला बसणारे रायडिंग बॉय थोडे जड चालतात, साठ किलोपर्यंत. तेही लगेच नाही. मी माझ्या हाताखालच्या मुलाला पहिले सहा महिने जमिनीवरच ठेवतो. आणि वेण्णा लेकचा घोडा विसरायला सांगा. तो बिचारा दिवसभर त्याच वाटेवर माणसं फिरवून विरक्त झालेला असतो. रेसचा दोन वर्षांचा घोडा म्हणजे चौदा वर्षांचा पोरगा, वार्षिक परीक्षा झालेला आणि सायकल नवी मिळालेला.

धोका आहे, लपवत नाही. पडणं आहेच, पण मी पाहिलेल्या बहुतेक दुखापती जमिनीवरच्या: लाथ, चावा, खोलीत भिंतीशी चेंगरणं. माझ्या उजव्या करंगळीचं वरचं पेर वाकडं आहे. दोरी हाताला गुंडाळून घोडा धरला होता, बाहेर फटाका वाजला, घोडा गेला आणि बोट दोरीबरोबर गेलं. दोरी कधीही हाताला गुंडाळायची नाही, मागून न बोलता जवळ जायचं नाही, चपला घालून आत यायचं नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात. हेल्मेट आणि छातीचं जाकीट स्वतःचं घ्या, उसनं नको.

जुगाराबद्दल तुम्ही काळजी केलीत ती रास्त आहे. जॉकीला पैज लावायला बंदी असते. पण तबेल्याबाहेर ‘आज कुठला पळेल’ असं विचारणारी माणसं गोड बोलत भेटतात, चहा पाजतात. मी दोन चांगली पोरं त्यात गेलेली पाहिली आहेत. दोघांनाही घोड्यांचा कंटाळा आला होता, आधी कंटाळा आणि मग पैज, याच क्रमाने. पहाटे चारला उठून रात्री आठला झोपणाऱ्याकडे तेवढा वेळही नसतो आणि पैसाही नसतो. पगार कमीच असतो, घोडा जिंकला तर मालकाकडून वर काही मिळतं. त्यावर घर चालेल असं धरून चालू नका.

त्याला घोड्यांतच राहायचं असेल तर इतर वाटाही आहेत. बारावी सायन्स असेल तर ‘नीट’ (NEET) ही प्रवेश परीक्षा देऊन पशुवैद्यकीला जाता येतं. शिरवळचं कॉलेज सातारा रस्त्यावर, परळचं मुंबईत. चांगला नालबंद तर आज शोधूनही सापडत नाही. दर चार-पाच आठवड्यांनी प्रत्येक घोड्याचे नाल बदलावे लागतात आणि रेसला ॲल्युमिनियमचे हलके नाल लागतात, त्यामुळे चांगला हात असलेल्याला कामाला तोटा नाही. आणि कागदपत्रांची आवड असेल तर देशातल्या सगळ्या थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीच्या, घोड्यांची जन्मनोंद ठेवणारं स्टड बुकचं ऑफिस पुण्यातच आहे. आपल्याकडे घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघून शुभ-अशुभ ठरवायची जुनी पद्धत. ओळख पटवण्यासाठी त्या नोंदीत आजही भोवरे काढून दाखवतात. कपाळावर कुठे, मानेवर किती. आता चिप आणि डीएनए आले तरी भोवरे राहिलेच. मला याची फार गंमत वाटते.

तर माझं म्हणणं असं. लगेच वर्षाचा निर्णय नको. ओळखीतून एखाद्या ट्रेनरला विचारा, रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबचा पास काढून पंधरा दिवस नुसतं हाताखाली काम करू द्या. आणि ते जुलैत, पावसात. डिसेंबरच्या छान थंडीत कोणालाही तबेला आवडतो. पंधरा दिवसांत त्याला घोड्यावर बसवू नका असं ट्रेनरला आधीच सांगून ठेवा. रोज रात्री जेवताना विचारा की आज कुठल्या घोड्याने दाणा ठेवला आणि कुठल्याचा कुठला पाय गरम होता. पहिले चार दिवस तो कोण किती जोरात पळाला तेच सांगेल. दहाव्या दिवशीही तेच सांगत असेल तर कॉलेजचा फॉर्म भरून टाका.

येताना गमबूट त्याच्या मापाचे घेऊन पाठवा. तबेल्यात पडलेले सगळे दहा नंबरचे आहेत.